तुरटीच्या पाण्यातून ॲल्युमिनियम का निघत नाही, आणि स्मेल्टरमध्ये मग कसं निघतं

प्रश्न पार्ल्याच्या एका बारावीतल्या मुलीचा आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिने वाण्याकडून तुरटी आणली, गरम पाण्यात विरघळवली, पेन्सिलीतल्या शिसाच्या दोन कांड्या बुडवल्या आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ॲडाप्टर रात्रभर लावून ठेवला. सकाळी बघते तर एका कांडीवर बुडबुडे, तळाला पांढरा चोथा, ॲल्युमिनियमचा कणसुद्धा नाही. तिचं म्हणणं, तुरटीत ॲल्युमिनियम आहे, पुस्तकात लिहिलंय की क्रियाशील धातू इलेक्ट्रोलिसिसने काढतात, मग माझं चुकलं कुठे, व्होल्टेज कमी पडलं का, मोठा पॉवर सप्लाय घेऊ का?

नको घेऊ, पैसे वाया जातील. व्होल्टेज तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे, स्मेल्टरमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियम काढायच्या कारखान्यात, एका पॉटला (इलेक्ट्रोलिसिसच्या एका मोठ्या भांड्याला) सव्वाचार व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे नुसत्या व्होल्टच्या हिशोबाने तुझ्या ॲडाप्टरवर जवळजवळ तीन पॉट चालले असते. अडचण तुझ्या भांड्यातल्या पाण्याची आहे.

कॅथोडवर, म्हणजे ॲडाप्टरच्या उणे टोकाला जोडलेल्या कांडीवर, इलेक्ट्रॉन येऊन उभे असतात आणि समोर ते घ्यायला दोन गिऱ्हाइकं असतात, ॲल्युमिनियमचे आयन आणि पाण्यातला हायड्रोजन. आता ॲल्युमिनियमचं स्टँडर्ड पोटेन्शियल (हा आकडा जितका जास्त उणे, तितकं ते इलेक्ट्रॉन घ्यायला नाखूष) आहे उणे १.६६ व्होल्ट, आणि हायड्रोजनचं ॲसिडमध्ये शून्य, न्यूट्रल पाण्यात उणे ०.४१, अगदी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गेलीस तरी उणे ०.८३. म्हणजे कुठल्याही पाण्यात हायड्रोजनचा सौदा ॲल्युमिनियमपेक्षा स्वस्तातच होतो, आणि पाणी तर संपता संपत नाही. तू १२ च्या जागी २४ व्होल्ट लावलेस तर बुडबुडे जोरात येतील, पाणी तापेल, बाकी काही होणार नाही. जास्त व्होल्टेज लावलं की जास्त क्रियाशील धातू निघतो असा एक समज आहे तो इथेच मोडतो, कारण कॅथोड तुझं व्होल्टेज बघून गिऱ्हाईक निवडत नाही, समोर जो सगळ्यात सहज इलेक्ट्रॉन घेईल त्याला देतो.

तो पांढरा चोथा मात्र टाकू नकोस, त्याच्यात गंमत आहे. कॅथोडजवळ हायड्रोजन निघून गेला की तिथलं पाणी अल्कली होतं आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनून खाली बसतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की जे गाळाला धरून तळाशी बसतं ना, ते हेच. आणि बॉक्साइटच्या कारखान्यात बेयर प्रोसेसने, म्हणजे बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये प्रेशरखाली विरघळवून, लाल चिखल गाळून, मग द्रावण थंड करून जे काढतात तेसुद्धा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच. ते हजार अंशाच्या वर भाजलं की ॲल्युमिना, आणि ॲल्युमिना म्हणजे स्मेल्टरचा कच्चा माल. म्हणजे रात्रभरात तू अर्धा रस्ता बरोबर गेलीस, पुढच्या अर्ध्यासाठी पाणी सोडायला लागतं.

मग जस्त कसं निघतं असं कोणी हुशार परीक्षक विचारेल, कारण जस्ताचं पोटेन्शियल उणे ०.७६ आहे, म्हणजे हिशोबाने तिथेही ॲसिडमध्ये हायड्रोजनच आधी निघायला हवा. पण राजस्थानात जस्ताचे मोठे कारखाने झिंक सल्फेटच्या पाण्यातूनच जस्त काढतात. याचं कारण, जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनला वायू व्हायला फार जड जातं, त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात, आणि तेवढ्या सवलतीत जस्त बसून घेतं. ही सवलत किती नाजूक आहे बघ, द्रावणात अँटिमनी किंवा जर्मेनियमचा अगदी किंचित अंश राहिला तरी हायड्रोजन सुटायला लागतो आणि बसलेलं जस्त परत विरघळतं, म्हणून त्या कारखान्यांमध्ये खरी मेहनत वीज लावण्याआधी द्रावण साफ करण्यात जाते. मँगनीज तर आणखी खालचं, उणे १.१८, तरी तेही सल्फेटच्या पाण्यातून काढतात, फार काळजी घेऊन. त्याच्या पलीकडे मात्र पाण्याचा रस्ता बंद. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम, लिथियम, सगळे त्या पलीकडचे.

या धंद्यात सगळी अक्कल बाथ, म्हणजे ज्यातून करंट सोडायचा तो द्रव, निवडण्यात आहे, करंट तर कोणीही सोडेल. असा द्रव शोधायचा की ज्यात आपला धातू सोडून दुसरं कोणीही आधी सुटणार नाही, ना कॅथोडवर ना ॲनोडवर, म्हणजे अधिक टोकाच्या कांडीवर. हे एवढं डोक्यात ठेवलंस तर पुस्तकातल्या सगळ्या प्रोसेस पाठ न करता कळतील. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये लंडनला पाणी टाळून वितळलेल्या पोटॅशमधून करंट सोडला आणि पोटॅशियम मिळवलं, मग काही दिवसांत सोडियम. ॲल्युमिनियम मात्र त्यालाही जमलं नाही, कारण त्याच्याकडे योग्य बाथ नव्हता. तो मिळायला १८८६ उजाडलं, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघांचं वय सारखंच, जन्म १८६३ चे, एकमेकांचा पत्ता नाही आणि उत्तर एकच: क्रायोलाइट, म्हणजे सोडियम आणि ॲल्युमिनियमचं फ्लोराइड. (दोघं गेलेही एकाच वर्षी, १९१४ ला, हे आपलं उगाच सांगितलं.)

ॲल्युमिना स्वतः वितळायला दोन हजार अंशाच्या वर न्यावं लागतं, तेवढ्याला टिकणारं भांडं आणायचं कुठून. क्रायोलाइट हजार अंशाच्या जरा वर वितळतं, त्यात ॲल्युमिनियम फ्लोराइड, थोडं कॅल्शियम फ्लोराइड घातलं की बाथ ९६० च्या आसपास चालतो. दहावीला शिकवतात की क्रायोलाइटने ॲल्युमिनाचा मेल्टिंग पॉइंट कमी होतो. मार्क मिळवायला ठीक आहे, पण खरं चित्र असं की क्रायोलाइट हा सॉल्व्हंट आहे, पॉटमध्ये ढीगभर द्रव क्रायोलाइट आणि त्यात विरघळलेलं ॲल्युमिना जेमतेम दोन ते पाच टक्के. मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा मिठाचा मेल्टिंग पॉइंट कमी झाला असं आपण म्हणत नाही ना.

आता आपली कसोटी लाव. बाथमध्ये सोडियम आहे, कॅल्शियम आहे, दोघंही ॲल्युमिनियमपेक्षा जास्त हट्टी, म्हणजे सुटायला नाखूष, म्हणून कॅथोडवर ॲल्युमिनियम आधी सुटतं. ॲनोडकडे ऑक्साइड आहे आणि फ्लोराइड आहे, फ्लोराइड जास्त हट्टी, म्हणून ऑक्साइड आधी. अजून एक गंमत पुस्तकात नसते: बाथमधून करंट वाहून नेण्याचं बहुतेक काम सोडियमचे आयन करतात, पण कॅथोडला पोचून सुटतं ते ॲल्युमिनियम. सुटं तीन प्लसवालं आयन तिथे नसतंच, फ्लोराइडबरोबर जोडलेलं असतं. सोडियम आणि ॲल्युमिनियममधला फरक त्या बाथमध्ये फार मोठा नाहीये, त्यामुळे थोडंसं सोडियम कॅथोडच्या कार्बनमध्ये शिरतंच आणि तो कार्बन फुगतो, काही वर्षांनी पॉट फोडून नवीन अस्तर घालायला लागतं त्यामागे हेही एक कारण.

आणि घनता. द्रव ॲल्युमिनियम २.३, बाथ २.१ च्या आसपास. फरक एवढासाच पण त्याच्यावर सगळं उभं आहे, धातू खाली बसतो, बाथ त्याच्यावर झाकण धरून राहतो, हवा लागत नाही. हेच उलटं असतं तर धातू वर तरंगून जळून गेला असता आणि हॉलचं नाव आज कोणाला माहीत नसतं.

ॲनोडबद्दल पण एक गोष्ट सुधारून घे. पुस्तकात असतं की ऑक्सिजन निघतो आणि तो कार्बनच्या ॲनोडला जाळतो म्हणून ॲनोड बदलावे लागतात, जणू कार्बन झिजणं हे नुकसान आहे. खरं तर कार्बन तिथे कामाला लावलाय. नुसतं ॲल्युमिना फोडून ऑक्सिजन काढायला थिअरीने साधारण २.२ व्होल्ट लागतात, कार्बन ऑक्सिजनला धरून कार्बन डायऑक्साइड करतो तेव्हा १.२ पुरतात. एक व्होल्ट कोळशाने भरला. मग कोळशानेच पूर्ण का नाही करत, लोखंडासारखं भट्टीत? कारण नुसत्या कोळशाने ॲल्युमिना फोडायला दोन हजार अंशाच्या वर जावं लागतं आणि तिथे ॲल्युमिनियम कार्बाइड बनून बसतं, वाफा थंड होताना परत ऑक्साइड होतात, हातात काही स्वच्छ येत नाही. म्हणून विजेने ढकलायचं आणि कार्बनचा हात लावायचा. एक किलो धातूला चारशे ग्रॅमच्या जरा वर कार्बन जातो. कार्बन न झिजणाऱ्या ॲनोडवर आता काम चालू आहे, कॅनडात मोठ्या कंपन्यांनी मिळून हात घातलाय, धूर जातो हे चांगलंच, पण तो वाचवलेला एक व्होल्ट परत विजेतून द्यावा लागतो, हे बातम्यांमध्ये कोणी सांगत नाही.

माझी उमेदीची वर्षं पॉटरूममध्ये गेली, त्यामुळे ॲनोड इफेक्टबद्दल न लिहिता पुढे जाणं जमणार नाही. बाथमधलं ॲल्युमिना दोन टक्क्यांच्या खाली घसरलं की ॲनोडवर ऑक्साइडची पाळी संपते आणि फ्लोराइडची येते. ॲनोडखाली वायूचा थर धरतो, चारवर असलेलं व्होल्टेज एकदम तीसच्या पुढे उडी मारतं, पॉट घुमायला लागतो आणि कार्बन टेट्राफ्लोराइड सुटतो, जो हवेत हजारो वर्षं टिकतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरतो. जुन्या लाईनवर प्रत्येक पॉटवर दिवा असायचा, तो भगभगला की लोक धावायचे, क्रस्ट (बाथवरचा गोठलेला थर) फोडून ॲल्युमिना ढकलायचं आणि कच्च्या लाकडाचा दांडा ॲनोडखाली घालायचा, त्याच्यातून वाफ सुटून वायूचा थर मोडतो. आता कॉम्प्युटर सेकंदासेकंदाला पॉटचा रेझिस्टन्स बघून थोडं थोडं ॲल्युमिना सोडत राहतो, पण तत्त्व तेच, तुझ्या तुरटीच्या भांड्यातलंच, की हवा असलेला आयन कमी पडला की शेजारचा सुटतो.

बाथवर गोठलेल्या मालाची क्रस्ट असते, दुधावर साय धरते तशी, आणि बाजूच्या भिंतींनाही आतून गोठलेल्या बाथचा थर असतो त्याला लेज म्हणतात. हा लेज मुद्दाम ठेवतात. क्रायोलाइट इतकं खादाड आहे की स्वस्तातलं कुठलंच अस्तर त्याच्यापुढे फार दिवस टिकत नाही, म्हणून बाथला त्याच्याच गोठलेल्या थराच्या भांड्यात ठेवायचं. त्यासाठी भिंतीतून उष्णता सतत बाहेर सोडायला लागते, म्हणजे पैसे देऊन घेतलेली वीज उष्णता करून भिंतीबाहेर घालवायची. वेगळा हीटर नसतो बरं का, बाथच्या रेझिस्टन्समध्येच करंटने उष्णता होते. एका किलोला तेरा-चौदा युनिट वीज लागते, त्यातली निम्म्याहून थोडी कमीच धातू सोडवण्यात कामी येते. ॲनोड आणि धातूमध्ये चार-पाच सेंटीमीटरचं अंतर असतं, ते कमी केलं तर व्होल्टेज वाचतं, पण खाली तीन लाख ॲम्पिअरच्या मॅग्नेटिक फील्डमध्ये द्रव धातू लाटा मारत असतो, लाट ॲनोडला टेकली की शॉर्ट. पॉट इंजिनिअरचं आयुष्य या दोन-चार मिलिमीटरच्या घासाघाशीत जातं. त्या फील्डमध्ये लोखंडी पहार हातात वेडीवाकडी ओढली जाते, पेसमेकरवाल्याला आत सोडत नाहीत, बँकेचं कार्ड बाहेर ठेवायचं. आणि ओलं हत्यार पॉटमध्ये घालायचं नाही, आधी तापवून घ्यायचं, नाहीतर ओल वाफ होऊन फुटते आणि धातू अंगावर येतो. पाणी इथेही नको.

आकडे लाव म्हणजे तुझ्या ॲडाप्टरची औकात कळेल. एक ॲम्पिअर-तासाला ॲल्युमिनियम निघू शकतं ०.३३६ ग्रॅम. तुझे २ ॲम्पिअर शंभर टक्के कामी आले असते तरी तासाला पाऊण ग्रॅम भरलं नसतं. तीन लाख ॲम्पिअरचा पॉट दिवसाला सव्वादोन टन देतो. पॉट सिरीजमध्ये जोडतात, तीनशे पॉट म्हणजे साडेबाराशे व्होल्टच्या वर, करंट सगळ्यांना एकच, पॉवर पावणेचारशे मेगावॉटच्या आसपास, तीही चोवीस तास, बारा महिने. काही तास वीज गेली तर बाथ गोठतो आणि तो परत चालू करणं म्हणजे महिन्यांचं काम, म्हणून स्मेल्टर स्वतःचं पॉवर स्टेशन बाळगतात. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साइट आहे पण स्मेल्टर सापडतील रेणुकूट, कोरबा, अंगुल, झारसुगुडा इकडे, कोळशाच्या पट्ट्यात. मुंबईच्या जवळ तळोज्याला ॲल्युमिनियमचं रोलिंग चालतं, धातू दुसरीकडून आयता येतो. आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे फुटकं हिंडालियमचं पातेलं जातं त्याला किंमत का आहे तर ते परत वितळवायला नव्या धातूच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, ऑक्सिजन आधीच कोणीतरी काढून दिलाय.

बाकीचे धातू भराभर. सोडियमला मीठच बाथ, ८०१ अंशाला वितळणारं, कॅल्शियम क्लोराइड मिसळून सहाशेवर आणतात, डाऊन्स सेल म्हणतात, १९२० च्या दशकातली. इथे कॅल्शियमही थोडं सोबत सुटतं, कारण दोघांचा हट्ट जवळपास सारखा, पण धातू थंड करताना कॅल्शियम आधी गोठून वेगळं होतं म्हणून निभावतं. सोडियम आणि क्लोरीन एकमेकांना भेटू नयेत म्हणून मध्ये जाळी. पोटॅशियमला हीच सेल चालत नाही, ते स्वतःच्याच वितळलेल्या क्लोराइडमध्ये विरघळून जातं आणि स्फोटाचा धोका, म्हणून वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडवर सोडियमची वाफ सोडतात आणि पोटॅशियम जास्त उडतं त्याचा फायदा घेतात. 'क्रियाशील म्हणजे इलेक्ट्रोलिसिस' हे वाक्य इथे अडखळतं. मॅग्नेशियमचंही तसंच, क्लोराइडच्या बाथमधून निघतं, पण क्लोराइडला चिकटलेलं पाणी पूर्ण काढणं हीच मोठी डोकेदुखी, नुसतं तापवलंस तर पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक ॲसिडही उडून जातं आणि ऑक्साइड मागे उरतं. आज जगातलं बरंचसं मॅग्नेशियम चीनमध्ये भट्टीत फेरोसिलिकॉनने (लोखंड आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूने) निघतं, विजेच्या बाथशिवाय.

आता तुझ्या प्रदर्शनाचं. यूट्यूबवर कॉस्टिक वितळवून सोडियम काढायचे व्हिडिओ असतात, ते घरी अजिबात करू नकोस, ३१८ अंशाच्या कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा गेला. तुरटीच्या भांड्यात 'करंट वाढावा' म्हणून मीठही घालू नकोस, ॲनोडवर क्लोरीन सुटेल, आणि ॲनोडला स्टीलचा चमचा लावू नकोस, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. पेन्सिलीचं शिसं झडतं, ग्रॅफाइटच्या जाड कांड्या मिळाल्या तर बघ.

मी असतो तर दोन भांडी ठेवली असती. एकात झिंक सल्फेट, खताच्या दुकानात किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल, दुसऱ्यात तुझी तुरटी, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे दोघांतून करंट तोच. चारही इलेक्ट्रोड ग्रॅफाइटचे. ॲडाप्टर हाच चालेल, पण सोबत एक रेझिस्टन्स किंवा छोटा बल्ब लाव आणि करंट अर्ध्या ॲम्पिअरच्या आत ठेव, भांड्यांना झाकण नको, खिडकी उघडी. तासाभरात पहिल्या भांड्यातल्या कॅथोडवर करड्या जस्ताची झाडं उगवतील, तुरटीतल्या कॅथोडवर बुडबुडे आणि पांढरे पापुद्रे. मल्टिमीटरने करंट लिहून ठेव, जस्ताचं वजन कर, ॲम्पिअर-तासाला १.२२ ग्रॅम यायला हवं, जेवढं कमी आलं तेवढा करंट हायड्रोजनने खाल्ला (आणि थोडं जस्त गळून पाण्यात पडलं असेल तर तेही धर), हाच आकडा आमच्याकडे करंट एफिशिअन्सी म्हणून रोज रिपोर्टमध्ये लिहायचो. फक्त एक लक्षात ठेव, ॲडाप्टर बंद करायच्या आधी जस्ताची कांडी बाहेर काढ, कारण ॲनोडकडून द्रावण ॲसिड होत आलेलं असतं आणि करंट थांबला की जस्त परत विरघळायला लागतं. मग हळूच साध्या पाण्यात बुडवून वाळव आणि वजन कर.